पाहुणे आणताना तिथी बघ

सूनबाई, तुझे आई-बाबा वाईहून येणार आणि त्यांना आपली खाडी, कोळीवाडे, जुनी गावं दाखवायची आहेत हा निरोप मिळाला. फार बरं वाटलं. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना टॉवर आठवतात, खच्चून भरलेली लोकल आठवते, नाहीतर घोडबंदर रस्त्यावरचा खोळंबा. स्टेशनपासून पश्चिमेला थोडं गेलं की मुर्धा, राई, मोर्वा, तारोडी, डोंगरी, पाली, चौक, उत्तन अशी गावं ओळीने लागतात, तिथली माणसं अजून पाण्यावर जगतात, हे या शहरात दहा-दहा वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. तेव्हा माझ्या आजीने आणि बाबांनी जे कानावर घातलं ते तुला सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय काढ आणि तिथी बघ. तुमच्या वाईची कृष्णा एकाच दिशेने वाहते. घाटावर कधीही गेलं तरी पाणी मेणवलीकडून येतं आणि खाली जातं. आपली खाडी तशी नाही. उल्हास नदी सह्याद्रीतून निघते, कर्जत-कल्याणवरून येते, ठाण्यापाशी तिचा एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो आणि मोठा प्रवाह घोडबंदर-भाईंदरवरून वसईच्या समुद्राला मिळतो. पण समुद्रही दिवसातून दोनदा नदीत शिरतो आणि दोनदा माघारी जातो. सहा तासांहून थोडं जास्त पाणी चढतं, तेवढंच उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी हा सगळा क्रम पाऊण तासाने पुढे सरकतो.

त्यावरून भरती काढायचा आमच्या घरचा हिशोब, जो साऱ्या कोकणात चालतो, तो असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहानंतर भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमा उलटली की मोजणी पुन्हा एकापासून, द्वितीयेला दीड. मिनिटांचा फरक पडतो, आणि खाडीत जसं आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते, पण पाहुण्यांना न्यायचं तर एवढा अंदाज पुरतो. होडीत बसायचं असेल तर मात्र छापील भरतीचं कोष्टक बघ.

दुसरं, पाणी किती चढणार तेही तिथीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती उंच आणि ओहोटी खोल. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उत्तनचे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं निमुळतं जाळं. समुद्राच्या तळाला रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं आणि तोंड वाहत्या पाण्याकडे ठेवायचं. पाण्याला ओढ असेल तरच मासळी आत ढकलली जाते. त्यामुळे उधाणात बंदर गजबजतं आणि भांगात डोलीच्या होड्या बऱ्याचदा किनाऱ्यालाच असतात. भांगाच्या दिवशी पाहुणे नेऊन "इथे तर काहीच नाही" असं म्हणणारे मी खूप पाहिले आहेत.

म्हणून माझं म्हणणं, मार्गशीर्षातली पौर्णिमा झाली की वद्य द्वितीया-तृतीया धर. दत्तजयंतीला तुझ्या बाबांना घरी थांबायचं असेलच, ते आटोपून येतील. हवा कोरडी असते, उन्हाचा ताप नसतो. द्वितीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी आणि दुपारी दीडला भरती, दोन्ही उजेडात बघायला मिळतात. लगेच पुढे संकष्टी येते आणि ढोल्या गणपतीच्या गावची तुझी आई उपास सोडणार नाही, म्हणून मासळीचं जेवण त्याआधीच उरकायचं. गुरुवारही टाळ. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याकडे घरोघरी महालक्ष्मीचा घट बसतो, चुलीवर मासळी चढत नाही, बाजारातही उठाव नसतो. जून-जुलैत येणाऱ्यांना मी सरळ नको म्हणते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ. होड्या वर ओढलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला.

आता पहिल्या दिवसाचं. सकाळी चहा घेऊन सातपर्यंत भाईंदरच्या खाडीकाठी पोहोचा. चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यावर पक्षी उतरतात, बगळे, शेकाट्या, कुरव. रोहित मात्र दिसतीलच असं नाही. चिखलात उड्या मारणारे निवटे बाबांना दाखव. मासा असून पाण्याबाहेर चालतो, हे शाळेत मुलांना सांगताना मला दर वेळी नवल वाटायचं. तिवरांच्या बुंध्याभोवती जमिनीतून वर आलेल्या टोकदार मुळ्या दिसतील, झाड त्यांतून श्वास घेतं, कारण गाळात हवा नसते. त्या मुळ्यांवर पाय देऊ नका, आणि चिखलात तर कोणीही उतरायचं नाही. वरून सुकलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. तो काढता काढता पाणी परतायला लागतं, आणि भरती समोरून येते असं समजू नका. आधी बाजूच्या खाचांमधून येते आणि पाठीमागची वाट बुडवते. आजी म्हणायची, "पान्याला इचार, मंग पाय घाल." आजी स्वतः चिंबोऱ्या धरायला जायची तेव्हाही काठावर थांबून पाण्याचा रंग बघायची, मगच उतरायची.

तिथून रेल्वेचे पूल दिसतात. १८६४ मध्ये मुंबईची गाडी थेट अहमदाबादला जोडली गेली ती याच खाडीवरून. दोन पुलांच्या मध्ये पाणजू बेट आहे, तिथे माणसं राहतात, होडीने ये-जा करतात आणि नाइलाजाने पुलाच्या कडेने चालतातही. म्हणून एक गोष्ट आईला प्रेमाने पण ठामपणे सांग. नदी दिसली की हात जोडून नाणं, नारळ, फुलं सोडायची तुमच्याकडची रीत मला माहीत आहे, कृष्णाबाईच्या उत्सवात ती शोभतेही. इथे गाडीतून काही फेकायचं नाही. धावत्या गाडीतून टाकलेला नारळ दगडाच्या वेगाने येतो. पुलावरून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाचा अशाच नारळाने जीव गेला आहे. हात जोडा, नमस्कार करा, तेवढं पुरे.

मग वसईला जा. पूर्वी वसईचा किल्ला समोर दिसत असूनही रस्त्याने जायचं तर वरसाव्याच्या पुलावरून मोठा वळसा घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर पश्चिमेहून वसईच्या किल्ल्याजवळच्या जेट्टीपर्यंत रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट जाता येतं, चढायला सपाट रॅम्प आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. वेळा आदल्या दिवशी विचारून घे. अकरा-बाराची फेरी मिळाली तर चढत्या पाण्यावरून जाल आणि खाडी काठोकाठ भरलेली दिसेल. सकाळी जिथे चिखल होता तिथेच हे पाणी, असं मुद्दाम सांग, नाहीतर पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

किल्ल्यात बाबांना घाई करू नकोस. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्यांना हे पाठ असेल. त्यांना ठाऊक नसेल ते हे की वसईला समुद्रावरून मदत पोहोचू नये म्हणून खाडीच्या मुखावर आपल्या बाजूचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी आधी घेतला. मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही. आपल्या उत्तन-डोंगरीच्या या सगळ्या भूभागाचंच जुनं नाव धारावी, आणि तारोडीची धारावी देवी आजही तिथली मोठी जागृत देवी. आणखी एक. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या स्वारीनंतर इथल्या चर्चमधून तिकडे गेलेली. तुझ्या बाबांनी लहानपणापासून ती पाहिली असेल. ती जिथे वाजत होती त्या पडक्या चर्चच्या भिंतींपाशी त्यांना जरा वेळ एकटं उभं राहू दे. किल्ला आतून मोठा आहे, सावली कमी. पाणी घरून न्या, टोप्या न्या, आणि सगळा फिरण्याचा हट्ट नको. दर्या दरवाजा, एक-दोन चर्च, नागेश्वराचं देऊळ, एवढं शांतपणे झालं तरी दिवस भरून पावतो.

दुसरा दिवस उत्तनचा, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच आहे.

सकाळी लवकर निघा. भाईंदर पश्चिमेहून पालिकेची बस जाते, पण आई-बाबांसाठी रिक्षा बरी. मुर्धा-राई-मोर्व्यावरून जाताना दोन्ही अंगांना मिठागरांचे बांध दिसतील. आमचे बाबा तिथलेच. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि खडे धरले की फावडीने ओढून बांधावर रास लावायची. बाबांच्या टाचांच्या भेगा मिठाने कधी भरून आल्या नाहीत. आता बरीच आगरं पडीक आहेत. मार्गशीर्षात मीठ तयार नसतं, पाणीच दिसेल. राशी बघायच्या तर चैत्र-वैशाखात पुन्हा या.

उत्तनला उतरल्यावर सगळ्यात आधी वलांडीकडे जा. बांबूंचे उंच खांब आणि त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या, त्यावर बोंबील वाळत असतात. जवळ जाऊन नीट बघा, हात न लावता. बाई दोन बोंबील घेते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर सोडते. गाठ नाही, आकडा नाही, माशाचे दातच माशाला धरून ठेवतात. हे काम इतकं झपाट्याने होतं की एकदा बघून कळत नाही. मीठ लावत नाहीत, ऊन आणि वारा एवढ्यावर दोन-तीन दिवसांत बोंबील कडक होतो. खाली ताडपत्रीवर जवळा पसरलेला असतो. अवकाळी पाऊस आला तर हे सारं एका रात्रीत जातं, म्हणून आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी तिथे हसत-खिदळत फोटो काढू नका. त्या बायांच्या पोटात गोळा आलेला असतो.

फोटोचा विषय निघालाच आहे. विचारून काढायचा. लुगडं नेसलेल्या, गळ्यात सोनं घातलेल्या म्हाताऱ्या दिसल्या की लोक फोन पुढे करतात. आधी "मावशी, कशा आहात?" असं म्हणावं, दोन शब्द बोलावेत. आणि मराठीतच बोलावं. उत्तन, पाली, डोंगरीचे बहुतेक कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती आहेत. क्रूस आणि चर्च बघून पाहुणे हिंदी सुरू करतात, ते त्यांना लागतं, आणि मलाही लागतं. त्यांची घरची भाषा मराठी, मिसा मराठीत, लग्नातली गाणी मराठीत. तुझे बाबा विश्वकोशाच्या गावचे. त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो माहीत असतील, 'सुबोध बायबल' लिहिणारे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ते वसईचे, याच किनाऱ्यावरच्या मराठीत वाढलेले. इथल्या ख्रिस्ती लोकांना ईस्ट इंडियन म्हणतात. ते नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, माणसं मात्र इथलीच, कितीतरी पिढ्यांची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आपण नव्याची पौर्णिमा करतो तसंच.

चर्चमध्ये जायला कोणी अडवत नाही. मिसा चालू असेल तर मागे बसा, नाहीतर बाहेर थांबा. मधल्या वाटेने फिरत छताकडे बोट दाखवत बसू नका. वेलंकनी मातेच्या चर्चला आईने मेणबत्ती लावायची म्हटलं तर खुशाल लावू दे. आमच्या आजीनेही लावलेली आहे, आणि समोरच्या घरची माणसं आमच्या गावदेवीच्या पालखीला येत.

बंदरावर चालताना एक लक्षात ठेवा, जमिनीवर पसरलेलं जाळं ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. पुरुष तिथे बसून जाळी सांधत असतात. बाबांनी विचारलं तर हौसेने दाखवतील, पण होडी लागल्याबरोबर कोणाला काही विचारू नका. त्या घटकेला मासळी उतरवणं, निवडणं, बर्फ घालणं, सगळं एकदम चालू असतं, आणि आपण मध्ये उभे राहिलो की अडचण होते. बाजूला सरकून बघत राहा. काम हलकं झालं की तेच हाक मारतात.

खरेदीचं सांगते. मासळी वाट्यावर मिळते. भाव उतरवायचा थोडा रिवाज आहे, पण अर्ध्यावर आणू नका. पहाटेपासून उभी असलेली बाई आहे ती. पापलेट घेताना कल्ला उचलून बघ, आत लालभडक हवा. डोळा वर आलेला हवा, खोल गेलेला नको. २०२३ मध्ये सरकारने पापलेटाला राज्याचा मासा ठरवलं, पण तळहाताएवढी पिल्लं विकायला येणं काही थांबलेलं नाही. ती घेऊ नकोस, स्वस्त पडली तरी नको. ओले बोंबील घ्यायचे तर चकचकीत आणि घट्ट, बोटाला पाणी सुटतं ते नकोत. घरी आणल्यावर पोट साफ करून मधून चिरायचे, फडक्यात ठेवून वर पाटा ठेवायचा, अर्ध्या तासाने सगळं पाणी निघून जातं. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून तळायचे. पाटा ठेवायचा कंटाळा केला तर तव्यावर त्यांचा लगदा होतो. तुझी आई पहिल्यांदा खात असेल तर काटा असलेला मासा आधी वाढू नकोस, बोंबलापासून सुरुवात कर. सोबत तांदळाची भाकरी. आणि मासळी नकोच म्हणाली तर आग्रह करायचा नाही, वालाचं बिरडं मी करून ठेवीन.

दुपारनंतर चौकला जा. टोकावर त्या धारावी किल्ल्याची जागा आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, आणि समोर खाडीचं मुख, पलीकडे वसई. आदल्या दिवशी कुठून कुठे गेलो ते इथून बाबांना एका नजरेत कळेल. चौकच्या खडकांवर शेवाळ असतं. खाली उतरू नका, लाटेशी खेळ तर मुळीच नको. दर पावसाळ्यात कोणाचा तरी मुलगा तिथून जातो. दिवस कलला की डास येतात, अंगभर कपडे घाला. खाल्ल्याचा कागद, बाटल्या पिशवीत भरून घरी आणा. साऱ्या शहराचा कचरा आधीच उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो, त्या गावांना आपल्याकडून आणखी भर नको.

वाईला न्यायला सुकं घे, पण बघून. सुका बोंबील फिकट, हलका आणि मोडला की कट्‌कन तुटणारा हवा. तांबूस झाला असेल किंवा वाकत असेल तर ओल धरलेला आहे. जवळा मुठीत घेऊन सोड, वाळू खाली पडते का ते बघ. वर्तमानपत्रात गुंडाळून, मग डब्यात, आणि डब्याला बाहेरून पुन्हा पिशवी. एसटीत बाकीच्यांना त्रास नको. वाईला पोहोचल्यावर आईने बोंबील तव्यावर कोरडे भाजून काचेच्या बरणीत भरावेत, पावसाळ्यापर्यंत टिकतात. जवळा धुवायचा तो भाजल्यावर, आधी धुतला तर चिकट होतो. कांदा, कोकम आणि भरपूर लसूण घालून केला की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

राहायला माझ्याकडेच आण त्यांना, मुर्ध्याच्या घरी. तुमच्या सातव्या मजल्यावरून खाडी छान दिसते हे खरं, पण व्याही-विहीणबाई पहिल्यांदा येत आहेत, त्यांनी अंगणात बसून जेवावं असं मला वाटतं. जिताडा मिळाला तर त्यांच्या पानात तोच पडेल. व्याह्यांना जिताडा वाढायचा हे आमच्याकडे ठरलेलं, आणि खाडीतला चांगला जिताडा रोज येत नाही, ओळखीच्या माणसाला आधी सांगून ठेवावा लागतो. तेव्हा गुरुवार टाळून दिवस नक्की कर आणि मला निदान आठवडाभर आधी कळव.